सफारीसाठी जंगल कसं निवडावं: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

मोठ्या सुट्टीचे बेत सुरू झाले की घरात पहिला प्रश्न येतो, ताडोबा की गीर? माझ्या मते जंगलाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी महिना, मग प्राणी, मग रेल्वे आणि त्यानंतर गेट. हा क्रम धरला की नाव आपोआप समोर येतं, पैसेही कमी वाया जातात.

१. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे?

एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं आणि वाघ तिथे येतो. दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वात जास्त. पण चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सफारीची गाडी, म्हणजे जिप्सी, उघडी असते. आजी-आजोबा किंवा अगदी लहान मूल सोबत असेल तर मे टाळाच. दिवाळीत जंगल हिरवंगार आणि देखणं असतं, मात्र गवत इतकं उंच की वाटेलगत बसलेला वाघही नजरेतून सुटतो. डिसेंबर-जानेवारी पक्ष्यांसाठी उत्तम, पण पहाटेच्या उघड्या गाडीत कानटोपी आणि जाड स्वेटर लागतोच. मध्य प्रदेशातल्या कान्हाची थंडी ठाण्याच्या थंडीवरून ओळखू नका.

गणपतीच्या सुट्टीत बेत आखणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मध्य प्रदेशातल्या व्याघ्रप्रकल्पांचे कोअर भाग, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर. ताडोबाचा कोअरही पावसाळ्यात बंद असतो, बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याची, काही गेटं मात्र सुरू राहतात.

२. काय पाहायचंय?

घरातल्या प्रत्येकाला विचारा. आशियाई सिंह मोकळ्या रानात पाहायचा तर गीरला पर्याय नाही. एकशिंगी गेंड्यासाठी काझीरंगा. कान्हाला लोक वाघासाठी जातात, पण तिथला बारशिंगा हा हरणाचा प्रकार मन लावून पाहावा असा आहे. १९७०च्या सुमारास कान्हात तो जेमतेम ६६ उरला होता आणि तिथूनच त्याला पुन्हा वाढवलं गेलं. जीपमध्ये बसून कंटाळणारी मंडळी असतील तर सातपुडा व्याघ्रप्रकल्पातल्या मढईला पायी आणि बोटीनेही फिरता येतं. आणि पहिल्यांदाच वाघ बघायला निघालेल्या कुटुंबाला मी ताडोबाच सांगेन.

३. रेल्वे

ठाणेकरांचं खरं भाग्य म्हणजे विदर्भ एक्सप्रेस. संध्याकाळी ठाण्याला बसा, सकाळी नागपूर. तिथून ताडोबा आणि पेंच दोन्ही रस्त्याने गाठता येतात. तीच गाडी पुढे गोंदियाला जाते. तिथून नागझिरा जवळ, आणि बालाघाटमार्गे कान्हाचं मुक्की गेटही. एका रात्रीच्या प्रवासात चार जंगलं आवाक्यात येतात. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठावं. गीरसाठी मात्र पश्चिम रेल्वेच्या गाड्या धराव्या लागतात, म्हणजे बोरीवली किंवा वसई रोड. काझीरंगाला विमानच बरं.

४. जंगल नव्हे, गेट निवडा

बहुतेकांची गडबड इथे होते. ताडोबाची मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही गेटं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. मोहर्ली चंद्रपूरकडून सोयीचं, कोलारा नागपूरकडून. सफारीचा परवाना एका गेटचा आणि मुक्काम दुसऱ्या गेटजवळ असं झालं तर पहाटेचा सोन्यासारखा वेळ डांबरी रस्त्यावर जातो. म्हणून आधी परवाना, मग त्याच गेटजवळ मुक्काम. कोअरचा परवाना मिळाला नाही म्हणून बेत रद्द करू नका. आगरझरी, जुनोना, अलिझंझा या बफर गेटांच्या भागातही वाघांचा वावर आहे.

५. बुकिंग

वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र गेटवर न्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं. कान्हा आणि मध्य प्रदेशातल्या पेंचला बुधवारी दुपारची फेरी नसते. चार दिवसांच्या सुट्टीत दोन जंगलं उरकण्याचा मोह टाळा. एकाच जंगलात तीन-चार फेऱ्या केल्या की वाटा आणि पाणवठे ओळखीचे होतात.

६. मुलांची तयारी

दोन-तीन तास शांत बसायची सवय जवळच लावता येते. हिवाळ्यात पहाटे कर्नाळ्याला पक्षी बघायला न्या, ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) दाखवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या सफारीतले वाघ-सिंह कुंपणाच्या आत असतात, गीरजवळच्या देवळियातही कुंपणच आहे. मुलांना हा फरक आधी सांगा, म्हणजे खऱ्या जंगलात प्राणी दिसला नाही तरी ती हिरमुसत नाहीत.

७. गाडीत बसल्यावर

गाइडला सुरुवातीलाच सांगा, ‘दादा, आम्हाला पक्षी, अस्वल, रानकुत्री सगळं बघायचंय, घाई नाही.’ नाहीतर तो बिचारा तुमच्यासाठी वाघामागे गाडी पळवत राहतो. भडक कपडे आणि अत्तर टाळा, मोबाइलबाबतचा नियम गेटवरच विचारून घ्या. वाघ किंवा बिबट्याची चाहूल लागली की बाकीचे प्राणी ओरडून एकमेकांना सावध करतात, म्हणून चितळ किंवा वानर ओरडलं तर गाडी थांबवून इंजिन बंद करायला सांगा. आणि सांबराने इशारा दिला, तर जागचे हलू नका.