रोजची लोकल चुकत असेल तर: निघायची वेळ कशी काढावी

ठाण्यात रोज उशीर होणारी माणसं बहुधा आळशी नसतात. त्यांचा हिशोब चुकलेला असतो. 'घर ते स्टेशन वीस मिनिटं' हा आकडा एखाद्या मोकळ्या सकाळचा असतो आणि तोच डोक्यात पक्का बसतो. डॅनियल काह्नेमन आणि अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीवर लिहिलं होतं. पूर्वी किती वेळ लागला हे माहीत असूनही माणूस नवा अंदाज कमीच धरतो. म्हणून अंदाज सोडा आणि मोजा.

आधी पाच दिवस फक्त नोंद. कामाचे सलग पाच दिवस घ्या, त्यात सोमवार हवाच. मोबाइलमध्ये पाच वेळा टिपा: घराचं दार लावलं, सोसायटीचं गेट ओलांडलं, रिक्षात किंवा बसमध्ये बसलात, स्टेशनला उतरलात, फलाटावर पाय ठेवला. या पाच दिवसांत घाई करू नका, नाहीतर आकडे खोटे येतील.

वेळ कुठे जातो ते यात दिसतं. कासारवडवली किंवा मानपाड्याहून येणारा माणूस घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला बोल लावतो, पण बरीच मिनिटं सांध्यांवर सांडलेली असतात: लिफ्टची वाट, शेअर रिक्षाची रांग, पुलाचा जिना. टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उन्नत पुलावर जाते, रिक्षा खाली सोडते, तेव्हा दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. वाशी-पनवेलच्या गाड्या ९ आणि १० नंबरवरून सुटतात, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्याला अख्खा पूल ओलांडावा लागतो. गर्दीच्या वेळी समोरून माणसांचा लोंढा येत असतो, त्यामुळे हे अंतर सकाळीच मोजावं, दुपारी नाही.

आता आकडा निवडा. सरासरी काढू नका. सरासरीवर निघालात तर जवळजवळ निम्मे दिवस उशीरच होणार. पाचपैकी दुसऱ्या क्रमांकाचा सर्वांत मोठा आकडा घ्या. समजा दार ते फलाट ३४, ३८, ४१, ४६, ५८ मिनिटं लागली, तर तुमचा आकडा ४६.

गाडी एक आधीची धरा. ८:४० ची चालत असेल तर तिच्या आधीची ठरवा आणि ८:४० राखीव ठेवा. आधीची ८:३२ ला असेल, तर फलाटावर ८:२८, म्हणजे दार ७:४२ ला बंद. ट्रान्स हार्बरवर, म्हणजे याच वाशी-पनवेलच्या मार्गावर, हे जास्तच गरजेचं, कारण तिथे दोन गाड्यांमधलं अंतर मोठं आहे. तुर्भ्यापर्यंतच जायचं असेल तर वाशी आणि पनवेल दोन्ही चालतात. पुढे फाटे फुटतात, तेव्हा आपली नेमकी गाडी बघून ठेवावी.

शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवा. 'एवढं करून निघते' म्हणत मशीन लावणं, एका मेसेजला उत्तर देणं, इथेच गाडी जाते. डबा सोडून बाकी सगळं, म्हणजे चार्जर, ओळखपत्र, छत्री, रात्रीच बॅगेत जावं. पास संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, म्हणजे ऐन सकाळी खिडकीवर उभं राहावं लागणार नाही.

घड्याळ दहा मिनिटं पुढे लावायचा उपाय मात्र टिकत नाही. मन ती दहा मिनिटं लगेच वजा करतं. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालली. लोक सहज इकडची वेळ तिकडे करत होते.

उशीर झालाच तर 'पाच मिनिटांत पोचतो' म्हणू नका. 'आत्ता माजिवड्याला आहे, अजून २५ मिनिटं' असं सांगा. वाट पाहणाऱ्याला तेवढ्यात चहा तरी घेता येतो.

रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची, वेळ बघा. आणि जूनमध्ये पाऊस लागला किंवा रस्त्यावर काम निघून वळण बदललं की पुन्हा पाच दिवस नोंद करा. मे महिन्यातला आकडा जुलैत चालत नाही.