लेफ्ट टॅकलच्या नावावर मांडलेल्या चुका: ऑफेन्सिव्ह लाइनची फिल्म वाचायला शिकताना

अमेरिकन फुटबॉल संघाच्या व्हिडिओ कक्षातील माझ्या पहिल्या हंगामात मी एका लेफ्ट टॅकलवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच लाइनमनच्या ओळीतील डाव्या टोकाच्या खेळाडूवर, अन्याय केला आणि तो तीन आठवडे कोणाच्याही लक्षात आला नाही, कारण माझा तक्ता अतिशय नीटनेटका होता. प्रत्येक प्लेची (चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या एका चालीची) नोंद होती, प्रत्येक लाइनमनच्या नावापुढे खूण होती आणि बेरीज अचूक होती. फक्त त्या खुणांपैकी निम्म्याहून अधिक खुणा भलत्याच माणसाच्या नावावर पडल्या होत्या. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी निदान ही एक चूक माझ्यापेक्षा लवकर ओळखावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्याहून संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत आले. फुटबॉलशी माझी ओळख मैदानावर झाली नाही, ती एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ‘बिग डेटा बोल’ या स्पर्धेमुळे झाली. २०२३ च्या स्पर्धेचा विषय पास प्लेमधील (चेंडू फेकण्याच्या चालींमधील) लाइनमनची कामगिरी हा होता आणि त्यासाठी २०२१ च्या हंगामातील पहिल्या आठ आठवड्यांची माहिती दिली होती. खेळाडूंच्या शोल्डर पॅडमधील चिपमुळे दर सेकंदाला दहा वेळा प्रत्येकाचे स्थान, वेग आणि दिशा नोंदलेली होती. शिवाय कोणी कोणाला ब्लॉक केले, म्हणजे अडवले, हेही एका रकान्यात आयते लिहिलेले होते. त्या आयत्या रकान्याने मला बिघडवले. पुढे विद्यापीठाच्या संघाच्या व्हिडिओ कक्षात काम मिळाले, तेव्हा तो रकाना रिकामा होता आणि तो भरणे हेच माझे काम होते.

माझी दुसरी अडचण कबड्डीची होती. शाळेत मी कबड्डी खेळले आहे. तेथे चढाई करणारी निसटली की ज्या कोपरारक्षकाच्या हातून ती शेवटी सुटली, त्याला बोल लागतो. हे पुष्कळदा चुकीचे असते, पण सवय तीच लागते. मी तोच डोळा घेऊन फिल्म पाहू लागले आणि सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला, की क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचलेल्या बचावपटूच्या सर्वांत जवळ असलेल्या लाइनमनच्या नावापुढे खूण करू लागले.

ज्या प्लेने मला पकडले, तो पुरेसा सावकाश सांगते. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे उभा होता आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) त्याच्या उजव्या हाताला. आमची प्रोटेक्शन (क्वार्टरबॅकच्या रक्षणाची योजना) अर्धी स्लाइड होती, म्हणजे सेंटर, लेफ्ट गार्ड आणि लेफ्ट टॅकल या तिघांनी डावीकडे सरकून आपापली गॅप (सेंटरपासून बाहेर मोजत ए, बी, सी अशी नावे असलेली फट) राखायची, तर राइट गार्ड आणि राइट टॅकल यांनी समोरचा एकेक माणूस धरायचा. रनिंग बॅकची जबाबदारी उजवीकडची. स्नॅप झाल्यावर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिल्यावर, डावीकडून एकूण चौघे आले: लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) ए गॅपमधून, डिफेन्सिव्ह टॅकल बी गॅपमधून, डिफेन्सिव्ह एंड सी गॅपमधून, आणि त्यांच्याही बाहेरून निकल कॉर्नर, जो एरवी पास झेलणाऱ्या रिसीव्हरवर पहारा देतो. सेंटरने लाइनबॅकरला अडवले, गार्डने डिफेन्सिव्ह टॅकलला, लेफ्ट टॅकलने एंडला, आणि निकल कॉर्नर कोणाचाही स्पर्श न होता आत शिरून क्वार्टरबॅकवर आदळला. पडद्यावर दिसते ते असे की निकल कॉर्नर लेफ्ट टॅकलच्या खांद्याजवळून धावत गेला आणि टॅकलने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. मी लिहिले: ‘लेफ्ट टॅकल, बाहेरचा माणूस सोडला.’

चौघे आले आणि अडवायला तिघे होते, एवढी साधी वजाबाकी मी केली नाही. तीन माणसांनी चौघांना अडवता येत नाही म्हणूनच नियम असा असतो की आतून बाहेर मोजत यायचे आणि सर्वांत बाहेरचा माणूस सोडायचा, कारण त्याला क्वार्टरबॅकपर्यंतचे अंतर सर्वांत जास्त असते. टॅकलने एंडला सोडून बाहेर धाव घेतली असती, तर एंड जवळच्या वाटेने आत आला असता. मोकळा सुटलेला निकल कॉर्नर ही क्वार्टरबॅकची आणि रिसीव्हरची जबाबदारी होती. जो बचावपटू ब्लिट्झला निघाला, म्हणजे पहारा सोडून क्वार्टरबॅकवर धावून गेला, त्याच्यासमोरच्या स्लॉट रिसीव्हरने (लाइनच्या जवळ, आतल्या बाजूला उभ्या रिसीव्हरने) धाव आखूड करून लगेच मागे पाहायचे आणि क्वार्टरबॅकने चेंडू तेथे फेकायचा. त्या सॅकचे कारण टॅकलच्या पायांत नव्हते. ते कितीतरी यार्ड दूर स्लॉट रिसीव्हरच्या मानेत होते, आणि ती मान वळलीच नव्हती. माझ्या तक्त्यात मात्र रिसीव्हरसाठी रकानाच नव्हता.

आता याच चित्रात थोडा बदल करू, कारण खरा सापळा येथे आहे. समजा लाइनबॅकर आला नाही. डिफेन्सिव्ह टॅकलने आत ए गॅपकडे वळण घेतले, एंड बी गॅपमध्ये शिरला आणि निकल कॉर्नर बाहेरून आला. आता तिघांसाठी तिघे आहेत. गार्डने आपला माणूस सेंटरच्या हवाली करून एंड घ्यायचा आणि लेफ्ट टॅकलने एंड सोडून बाहेर जायचे. तरीही तो एंडच्या मागे आत ओढला गेला आणि निकल कॉर्नर मोकळा सुटला, तर चूक निखालस त्याची. आणखी एक शक्यता पाहा: प्रोटेक्शन स्लाइडची नव्हतीच, प्रत्येकाला माणूस नेमून दिलेला होता आणि निकल कॉर्नर रनिंग बॅकच्या वाट्याचा होता. मग दोष रनिंग बॅकचा. या तिन्ही प्रसंगांत प्लेच्या शेवटी दिसणारे चित्र जवळजवळ एकसारखे असते. शेवटच्या चित्रावरून खूण करणारा माणूस तिन्ही वेळा एकच नाव लिहितो, आणि मी तेच केले होते.

लाइनच्या प्रशिक्षकांनी माझा तक्ता पाहिला तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी तो प्ले लावला, स्नॅपआधी थांबवला आणि विचारले, “सेंटर कुठे बोट दाखवतो आहे?” मला ठाऊक नव्हते, कारण स्नॅपआधीचे पाच-सहा सेकंद मी नेहमी वगळून पुढे जात असे. प्रोटेक्शनची निम्मी गोष्ट त्याच सेकंदांत असते. सेंटर किंवा क्वार्टरबॅक कोणत्या लाइनबॅकरला माइक (ज्याच्यापासून प्रोटेक्शन मोजायची तो) ठरवतो, त्यानंतर क्वार्टरबॅक ती खूण बदलतो का, रनिंग बॅक कोणत्या बाजूला उभा आहे आणि त्याची नजर कोठे आहे, हे सगळे तेथे दिसते. स्नॅपनंतर पाचही जणांचे पहिले पाऊल पाहावे. ज्याच्या समोर कोणीच नाही तो लाइनमन कोणत्या दिशेने सरकतो, यावरून स्लाइडची दिशा बहुधा कळते. तरीही शंका राहिली तर त्याच सामन्यातील तीच रचना असलेले दुसरे प्ले काढून पाहावेत, कारण एकाच प्लेवरून प्रोटेक्शन ठरवणे हा जुगार आहे.

तेव्हापासून मी निकाल शेवटी पाहते. आधी बचावाची मांडणी लिहून घेते, मग पहिली दोन पावले, मग हात, आणि प्लेचे काय झाले ते सर्वांत शेवटी. एका प्लेसाठी निदान सहा वेळा मागे-पुढे करावे लागते. सुरुवातीला एका सामन्याला माझे दोन पूर्ण दिवस जात. तुमचेही जातील, त्याने घाबरून जाऊ नये. वेग आपोआप येतो, पण चुकीच्या क्रमाने लागलेला वेग सोडवणे फार जड जाते.

कॅमेऱ्याबद्दल थोडे सांगायला हवे. टीव्हीचे प्रक्षेपण चेंडूच्या मागे जाते, म्हणून ते या कामाला पुरत नाही आणि सर्व २२ खेळाडू दिसणारी ऑल-२२ फिल्मच लागते. त्यातही एंड झोनकडून, म्हणजे मैदानाच्या टोकाकडून, घेतलेल्या दृश्यात हात आत आहेत की बाहेर, खांद्याचा कोन काय आहे आणि दोघा लाइनमनमध्ये फट किती आहे हे दिसते, पण खोली चपटी होते. साइडलाइनच्या दृश्यात खोली आणि पॅडची उंची दिसते, मात्र हात झाकले जातात. पास सेट (पास अडवण्यासाठी लाइनमनने मागे घेतलेली पावले) किती मागे गेला, हे केवळ एंड झोनच्या दृश्यावरून लिहू नये. टॅकलचा कोन क्वार्टरबॅक कोठे असेल या गृहीतावर ठरतो. क्वार्टरबॅक ठरलेल्या जागेपेक्षा तीन यार्ड मागे सरकला, तर उत्तम ब्लॉकही हरल्यासारखा दिसतो. ७ फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे नव्हते आणि संघ ३१-९ असा हरला. सगळे खापर लाइनवर फुटले. ते बऱ्याच अंशी योग्यही होते, पण त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स किती वेळा स्वतःहून मागे आणि बाहेर पळाला हे वेगळे मोजून पाहा. सरावासाठी इतका चांगला सामना दुसरा नाही.

धावेच्या प्लेमध्ये सापळा तोच, फक्त वेश वेगळा. इनसाइड झोन आणि ड्यूओ या धावेच्या दोन योजना नवख्याला एकच वाटतात, कारण दोन्हींत दुहेरी ब्लॉक (दोघांनी मिळून एकाला अडवणे) दिसतात आणि कोणीही पुल करत नाही, म्हणजे आपली जागा सोडून दुसरीकडे ब्लॉक करायला धावत नाही. झोनमध्ये सगळी लाइन एका दिशेने पाऊल टाकते. ड्यूओमध्ये दुहेरी ब्लॉक समोरच्याला सरळ मागे रेटतात आणि लाइनबॅकरकडे जाण्याची घाई नसते. त्यामुळे ड्यूओला झोन समजून तुम्ही गार्डच्या नावापुढे ‘लाइनबॅकरकडे उशिरा निघाला’ असे लिहिलेत, तर त्याने सांगितलेले काम केल्याबद्दल तुम्ही त्याला शिक्षा दिलीत. झोन समजून घेण्यासाठी प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स यांनी घडवलेली डेन्व्हरची लाइन पाहावी. तेथील रनिंग बॅक टेरेल डेव्हिस १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावला, तेव्हा त्या लाइनचे पहिले पाऊल कवायतीसारखे एकत्र पडत असे. महाविद्यालयीन फिल्ममध्ये आरपीओचे (रन-पास ऑप्शन, म्हणजे धाव की पास हे क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो अशा प्लेचे) भान ठेवावे. तेथे लाइन धावेसाठीच ब्लॉक करत असते आणि चेंडू मात्र पास होतो. पासच्या वेळी लाइनमनला एनएफएलमध्ये एक यार्ड आणि महाविद्यालयात तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा असल्यामुळे, पुढे गेलेला गार्ड दिसला की तो गोंधळला असे लिहू नये.

श्रेय देतानाही डोळा असाच फसतो. ३१ डिसेंबर १९६७ च्या ‘आइस बोल’मध्ये ग्रीन बे पॅकर्सने शेवटच्या काही सेकंदांत डॅलसवर २१-१७ असा विजय मिळवला, तो क्वार्टरबॅक बार्ट स्टारच्या स्नीकवर, म्हणजे त्याने स्वतः चेंडू घेऊन पुढे घुसण्यावर. डॅलसच्या जेथ्रो प्यूला हटवणाऱ्या ब्लॉकसाठी गार्ड जेरी क्रेमर अजरामर झाला. तो ब्लॉक दुहेरी होता आणि त्यात सेंटर केन बोमनही होता, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. सेंटरला आधी स्नॅप करावा लागतो, त्यामुळे तो ढिगाऱ्यात नेहमी खालीच दिसतो.

हात-पाय ओळखण्याचे तंत्र त्या मानाने सोपे आहे आणि ते येते, याची खात्री बाळगावी. हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूला पडले का, धक्का पाय रोवण्याच्या आधी दिला की नंतर, कंबर वाकली की गुडघे, धक्का बसल्यावर तो पुन्हा स्थिरावला का, एवढे चार प्रश्न महिनाभर विचारत राहिलात की डोळा तयार होतो. तुम्ही हा खेळ खेळलेला नाही म्हणून तुम्हाला काही दिसणार नाही, असे सांगणारे भेटतील. जॉर्डन मायलाटा सिडनीहून आला, रग्बी लीग खेळत असे, आणि अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना २०१८ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) सातव्या फेरीत फिलाडेल्फियाने त्याला घेतले. पुढे तो त्यांचा लेफ्ट टॅकल झाला. त्याला तर मैदानावर उभे राहून हे करायचे होते. आपल्याला खुर्चीत बसून करायचे आहे.

गुरूंबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. समाजमाध्यमांवर संथ गतीत पंधरा सेकंदांची चित्रफीत दाखवून ‘हा ब्लॉक पाहा’ म्हणणाऱ्यांकडून शब्द शिकावेत, निवाडा शिकू नये, कारण ते फीत नेमकी स्नॅपवर सुरू करतात. आयत्या गुणांचे आणि टक्केवारीचेही तसेच आहे. २.५ सेकंद ब्लॉक टिकला की जिंकला, असे मोजणारे निर्देशांक हजार प्लेंच्या बेरजेत उपयोगी पडतात, पण एका प्लेत कोणाला काय नेमून दिले होते हे ते सांगू शकत नाहीत. मला सर्वाधिक शिकवले ते रात्री नऊ वाजता पिझ्झा खात फिल्ममधून एकेक प्ले कापून वेगळा करणाऱ्या एका ग्रॅज्युएट असिस्टंटने (प्रशिक्षकांना मदत करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने). मोठ्या नावाच्या माणसाची दोन मिनिटे मिळवण्यासाठी धडपडू नका. ज्याच्याकडे वीस मिनिटे आहेत त्याच्या शेजारी बसा.

आणि एक स्पष्ट इशारा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र सुरू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. हंगामात व्हिडिओ कक्षातील काम कधीच २० तासांत संपत नाही, आणि ‘थोडा वेळ थांब’ असे सगळेच प्रेमाने म्हणतात. थांबू नये. तुमचा व्हिसा कोणत्याही संघाच्या तिसऱ्या डाउनपेक्षा महत्त्वाचा आहे.

त्या लेफ्ट टॅकलच्या नावापुढील अकरा खुणा मी पुन्हा तपासल्या, तेव्हा चारच उरल्या. त्या चारही खऱ्या होत्या. त्याचा आतला हात उशिरा येत असे, आणि बाकीच्या सात चुकीच्या खुणांच्या गर्दीत हे मला तोवर दिसलेच नव्हते. आता कोणी असे काम मिळवण्यासाठी आपल्या फिल्म-नोंदींचा नमुना कसा पाठवावा असे विचारले, तर मी सांगते की एकाच संघाचे दोन सामन्यांतील बारा प्ले घ्या, आणि त्यांपैकी ज्यांत जबाबदारी कोणाची हे फिल्मवरून ठरत नाही, तेथे तसे स्वच्छ लिहा आणि का ठरत नाही तेही लिहा. माझ्या पहिल्या नमुन्यात असा एकही प्ले नव्हता. तो मी नऊ ठिकाणी पाठवला होता आणि एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही.