दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

दोन विमानतळांमधील हवाई अंतर कायम तेच राहते. प्रवासाचा वेळ मात्र दिशा, ऋतू आणि मार्ग यांनुसार बदलतो. म्हणूनच अंतराला विमानाच्या वेगाने भागून वेळ काढणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे. ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेग धरून भागाकार केल्यास उत्तर साधारण सव्वासहा तास येते. वेळापत्रकात मात्र जाताना सुमारे आठ आणि परतताना सुमारे सात तास दिसतात. वेळापत्रकातील वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, रांगेतील प्रतीक्षा, चढाई आणि उतरण हे सारे त्यात धरलेले असते. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, म्हणजे जेट स्ट्रीम, एका दिशेला विमानाला पुढे रेटतात आणि दुसऱ्या दिशेला अडवतात. लहान पल्ल्यावर तर हा भागाकार अगदीच फसतो: ३०० किलोमीटरसाठी तो वीस मिनिटे सांगतो, प्रत्यक्षात मात्र तासभराचा वेळ धरावा लागतो.

तिकिटावरील दोन वेळांची थेट वजाबाकी करू नये, कारण प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते. लंडनहून ११ वाजता निघून न्यूयॉर्कला १४ वाजता पोहोचणारे विमान तीन नव्हे, आठ तास प्रवास करते. इथे आणखी एक बारकावा आहे: उन्हाळ्यासाठी घड्याळे तासभर पुढे करण्याची तारीख अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगळी असल्याने मार्चमधील काही आठवडे दोन्ही शहरांच्या वेळेतील फरक पाचऐवजी चार तासांचा होतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणेही चुकीचेच, कारण गोल पृथ्वीवरील सर्वांत जवळचा मार्ग अशा नकाशावर ध्रुवाकडे झुकलेला वक्र दिसतो. आणि तोही मार्ग मोकळा असेलच असे नाही. २०२२ पासून रशियाचे आकाश बहुतेक युरोपीय विमान कंपन्यांसाठी बंद झाल्याने हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला, जरी दोन्ही विमानतळांमधील अंतर तसूभरही बदलले नाही.

स्वतः गणित मांडून उत्तर विचित्र आले, तर आधी निर्देशांक, म्हणजे विमानतळांचे अक्षांश-रेखांश, तपासावेत. पश्चिम रेखांशाचे ऋण चिन्ह विसरले, तर जेएफके विमानतळ थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतो. ५१ अंश २८ मिनिटे म्हणजे ५१.२८ नव्हे, तर ५१.४७ अंश, एवढ्या चुकीनेही सुमारे वीस किलोमीटरचा फरक पडतो. त्यानंतर एकक पाहावे: वैमानिकांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, तर रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो.

शहराच्या नावावर विसंबू नये. विमानतळाचा तीन अक्षरी संकेत जुळवून पाहावा. एसजेसी हे कॅलिफोर्नियातील सॅन होजे, तर एसजेओ हे कोस्टा रिकातील. टोकियोला हानेडा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत आणि एकावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असल्यास केवळ रस्त्याने किंवा रेल्वेने जाण्यासाठीच तास-दीड तास हाताशी ठेवावा लागतो. सामान घेणे आणि पुन्हा तपासणीतून जाणे यांचा वेळ त्याहून वेगळा.