राजा शब्दाचं मूळ कसं शोधायचं

'काय राव' म्हणतो ना आपण, त्यातला राव म्हणजे राजाच. म्हणून सुरुवात डिक्शनरीपासून करू नका, आधी बोलण्यात झिजलेली रूपं गोळा करा. राव, राय, विठुरायातला राया. मग बघा कुठलं अक्षर गळलंय. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ज बऱ्याचदा पडायचा, त्यामुळे राजाचं राआ, राया होत गेलं, आणि हे एकदा कळलं की राजपुत्राचा राऊत आणि राजकुलाचं राऊळ आपोआप दिसायला लागतं (राऊळ म्हणजे आधी राजवाडा बरं का, देऊळ हा अर्थ नंतरचा). राणी मात्र राज्ञीपासून आली.

नंतर शिलालेख आणि नाणी बघा, तिथे त्या त्या काळचा उच्चार सापडतो. अशोकाच्या लेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, गिरनारला 'राजा' आहे आणि तिकडे पूर्वेला धौलीला 'लाजा', कारण त्या बोलीत र चा ल व्हायचा. सातवाहनांच्या नाण्यांवर 'रञो' दिसतं, म्हणजे राजाचा.

आता संस्कृत राजन्, खरी गंमत इथे आहे. कालिदास रघुवंशात म्हणतो 'राजा प्रकृतिरञ्जनात्', प्रजेला खूश ठेवतो तो राजा. महाभारतातही हीच कल्पना आहे. ऐकायला एकदम भारी, पण हा अर्थ आदर्श म्हणून घ्या, उगम म्हणून नको. व्याकरणवाले राज् म्हणजे चमकणे या धातूकडे जातात. आजचे भाषाशास्त्रज्ञ बहुतेक करून नात्यातल्या भाषा शेजारी ठेवून बघतात, लॅटिन रेक्स, जुनी आयरिश री (दोन्हींचा अर्थ राजाच), आणि इसवी सनापूर्वी 52 मध्ये सीझरशी लढलेल्या गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, व्हर्सिंजेटोरिक्सच्या नावातलं ते शेवटचं रिक्स, आणि या सगळ्यांच्या मागे 'सरळ करणे, दिशा देणे' असा धातू मानतात, आपला ऋजु, म्हणजे सरळ, पण त्याच घरातला. मला हेच जास्त पटतं, कारण इतक्या लांबच्या भाषांत एकच शब्द योगायोगाने नाही येत.

सारखं ऐकू येतं म्हणून नातं जोडू नका. रजा, राजी, राजीनामा यांचा राजाशी काही संबंध नाही, ते अरबी-फारसीतून आलेत. राजीव म्हणजे कमळ, तेही वेगळं.

समासात राज कुठे बसलाय तेही बघा. धर्मराज, ऋतुराज यात तो शेवटी आहे आणि न् गळून राज झालाय, पाणिनीचा तसा नियमच आहे, म्हणून संस्कृतात महाराज, महाराजा नाही. पुढे आला की पुष्कळदा नुसता मोठा किंवा उत्तम, राजमार्ग, राजहंस.

आणि लिहिताना एक सांभाळा, घोडा-घोड्याने होतं तसं राजाचं होत नाही, राजाने असंच लिहायचं, 'राज्याने हुकूम काढला' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल तो सरकारने काढला.