पंप उचलायच्या आधी पान उलटं करून बघा

मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की लगेच फवारणी, ही सवय आधी सोडा. त्या फवाऱ्यात माव्यासोबत मावा खाणारेही मरतात, आणि मावा थोड्याच दिवसात परत भरतो पण खाणारे तेवढ्या लवकर येत नाहीत, मग परत पंप, परत खर्च, हे थांबतच नाही.

म्हणून पान उलटं करा, मोबाईलचा कॅमेरा झूम करून नीट बघा. काळपट लांबट, अंगावर केशरी ठिपके, एवढीशी मगरच वाटावी अशी अळी दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याची. लोक तिलाच कीड समजून चिरडतात, फार वाईट वाटतं बघून, कारण कोषात जाईपर्यंत ती एकटी शेकडो मावा फस्त करते! काही मावे फुगून तपकिरी, कागदासारखे कडक झालेले असतात, त्यांच्या पोटात बारीक परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं आणि पाठीवर गोल भोक असेल तर ते बाहेर पडलंय समजा. असे मावे दिसायला लागले की फवारणी थांबवा, दर दोन दिवसांनी त्याच झाडांवर बघत रहा.

आता हे मित्रकीटक टिकायचे तर त्यांना खायला-रहायला पाहिजे ना. बांधाकडेने चवळी लावा, तिच्यावर मावा येतो आणि त्याच्यावर ढालकिडे वाढतात. थोडी कोथिंबीर, बडीशेप न काढता फुलू द्या, त्या बारीक माश्यांना मध तिथेच मिळतो.

जमीनही उघडी ठेवू नका, दोन ओळींच्या मधे पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, खाली ओल टिकते आणि कोळी, भुंगेरे तिथेच लपतात. फक्त खोडाला चिकटवू नका, खोड सडतं. आणि सुका पाला मातीत मिसळू नका, वरच राहू द्या, कारण मिसळला की तो कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं.

पहिल्या वर्षी सगळं रान नका घेऊ, एक तुकडा घ्या. एवढं करूनही शेंडे आकसायला लागले तर निंबोळी अर्क, तोही फक्त त्याच झाडांवर आणि संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर मारा.