हातविणीचे मोजे: कोणती चूक सुधारावी, कोणती उसवावी

ठाण्याच्या हवेत लोकरी मोजे घालणार कोण, ही शंका रास्त आहे. पण ऐरोलीच्या वातानुकूलित कचेऱ्यांत दिवसभर बसणाऱ्यांचे आणि डिसेंबरात हिमाचलला निघालेल्यांचे पाय गारठतातच. निव्वळ सुती धागा ताणला की पूर्ववत होत नाही, म्हणून मोजा घोट्यावरून घसरतो आणि सुटलेला टाकाही त्यात भराभर खाली जातो. लोकर व नायलॉनच्या मिश्रणाचा बारीक धागा घ्यावा. मोठ्या माणसाच्या जोडीला साधारण 100 ग्रॅम पुरतो.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या 2.5 मिलिमीटरच्या पाच सुया घेऊन 64 टाके सैलसर घालावेत, कारण कड घट्ट झाली तर मोजा टाचेवरून चढत नाही. चार सुयांवर प्रत्येकी 16 याप्रमाणे टाके वाटून घेतल्यावर (पाचवी सुई विणायची) आणि गोल जोडण्याआधी सगळ्या टाक्यांची कड आतल्या बाजूला आहे ना, हे नीट पाहावे. पीळ राहून गेला तर पुढे सगळे उसवण्यावाचून इलाज नाही. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी पाच सेंटिमीटर विणून मग सगळे टाके सुलट विणत जावे.

या भागात टाका निसटला तर घाबरून सुया बाहेर काढू नयेत. निसटलेल्या टाक्यात समोरून क्रोशाची सुई घालावी, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकडून टाक्यातून ओढून घ्यावा आणि असे एकेक धागा घेत वर यावे. मधला एखादा धागा सुटला, तर तो मागे लोंबकळतो आणि तेथील वीण आवळते. सुलटच्या जागी उलट टाका पडला असेल, तर तेवढाच टाका मुद्दाम खाली सोडून याच रीतीने परत विणता येतो. तळव्याखाली जाणारा असा एखादा टाका मी तरी तसाच ठेवीन.

टाचेचे गणित वेगळे आहे. 64 पैकी निम्म्या, म्हणजे 32 टाक्यांवर 32 ओळी, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून, विणल्या की दोन्ही कडांना 16-16 साखळ्या मिळतात. टाच वळवताना, म्हणजे टाके घटवत तिला खोलगट आकार देताना, एका बाजूला एक टाका जरी जादा घटवला गेला तरी ती तिरकी होते, आणि तेथे क्रोशाची सुई उपयोगी पडत नाही, सरळ उसवावे. म्हणूनच वळणापूर्वी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवावा, म्हणजे उसवण तेथेच थांबते. साखळ्या उचलताना कोपऱ्यात भोक राहू नये म्हणून एक जादा टाका उचलून तो पुढच्या फेरीत शेजारच्याबरोबर विणावा. नंतर एकाआड एक फेरीत दोन-दोन टाके कमी करत पुन्हा 64 वर यावे आणि बोटांच्या टोकापासून पाच सेंटिमीटर अलीकडे चवड्याची घट सुरू करावी.