नाशकात नवीन आलात आणि स्वतःचं काही सुरू करायचंय? मग हे वाचून घ्या

मी मूळचा परभणीचा, सातपूरला नोकरीसाठी आलो आणि आता बरीच वर्षं अंबडला माझं टर्निंगच्या जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचा माल मजुरीवर लेथवर करून द्यायचं, छोटं युनिट आहे. गावाकडून येणारी पोरं भेटली की एकच विचारतात, दादा कंपनी काढायचीये, खर्च किती येतो? त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

कंपनी लगेच काढू नका. एकटेच आहात, गिऱ्हाईक एखाददोन आहेत, तर प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, बास झाली, तुमचा पॅन तोच धंद्याचा पॅन. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण फुकट आहे, तिचे पैसे मागणारे खूप भेटतील, त्यांना एक रुपया देऊ नका. शॉप ॲक्टचं पण ऑनलाइनच होतं, हे दोन कागद घेऊन बँकेत गेलात की करंट अकाउंट निघतं. प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाला २५०० रुपये असतात, ते बरेच जण विसरतात आणि मग व्याजासकट भरत बसतात.

जीएसटी माल विकणाऱ्याला वर्षाच्या उलाढालीत ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत लागत नाही, आता यात गोम अशी की जॉबवर्क सेवेत धरतात, म्हणजे आपल्यासाठी २० लाखच. आणि माल दुसऱ्या राज्यात विकायचा असेल तर पहिल्या बिलापासून नंबर लागतो. तसंही अंबड-सातपूरच्या मोठ्या व्हेंडरकडे काम मागायला गेलात की आधी जीएसटी नंबरच विचारतात, त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांनी काढूनच ठेवावा. घरून डिझाइन, अकाउंट, सॉफ्टवेअर असलं काम करणाऱ्यांना सुरुवातीला घाई नाही.

प्रोप्रायटरशिपमध्ये धोका एकच, पण मोठा आहे, धंद्याची देणी म्हणजे तुमची स्वतःची देणी. उद्या काही फसलं तर तुमच्या नावावरचा फ्लॅट, गावचा प्लॉट, सगळं त्यात येतं.

आता पार्टनरशिप, आणि हे मात्र नीट वाचा कारण सगळ्यात जास्त भांडणं मी इथेच बघितलीत. एकाच गावचे दोघं, एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, तोंडी ठरतं, आपल्यात कशाला लिहापढी म्हणतात आणि दोन वर्षांत बोलणं बंद होतं. १९३२ चा भागीदारी कायदा सांगतो की काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, मशीन कोणाच्या पैशाने आलं ते बघत नाहीत. शिवाय पार्टनरने फर्मच्या नावावर केलेली उधारी पूर्णच्या पूर्ण तुमच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून डीड, म्हणजे भागीदारीचा लेखी करार, करा, त्यात कोणाचे किती पैसे, कोण पगार घेणार, एकाला बाहेर पडायचं तर हिशोब कसा, हे सगळं लिहा आणि फर्म रजिस्टर पण करा, कारण रजिस्टर नसलेल्या फर्मला बाहेरच्या पार्टीवर करारातल्या पैशासाठी दावाच लावता येत नाही. सख्खा भाऊ असला तरी लिहा.

एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, पण दोघं लागतात, जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते, आणि उलाढाल ४० लाख किंवा भांडवल २५ लाख यांच्या आत असेल तर ऑडिट लागत नाही, रिटर्न मात्र काम झालं नसलं तरी दरवर्षी भरायचेच. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोघं, एकट्याला ओपीसी (वन पर्सन कंपनी), दोन्हींत उलाढाल कितीही असो ऑडिट आलंच. बाहेरचा कोणी पैसे घालणार असेल तर कंपनी काढा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, कर्ज देताना बँक बहुतेक वेळा डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतेच, म्हणजे ज्या मर्यादित जबाबदारीसाठी कंपनी काढली तीच त्या कर्जापुरती जाते.

शेतीकडचे असाल तर दिंडोरी, निफाड भागात द्राक्षाच्या सीझनमध्ये क्रेट, पॅकिंग, टेम्पो असं भरपूर काम असतं, पण उरलेल्या वर्षाचं काय ते आधी ठरवा. किमान १० शेतकरी मिळून प्रोड्युसर कंपनी काढता येते, ती कुठवर जाऊ शकते ते बघायचं तर मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघून या. २०२७ च्या सिंहस्थासाठी मेस, रूम, गाड्या यांत पैसे घालणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, कुंभानंतरही हप्ता निघेल एवढंच कर्ज घ्या.

गाळा भाड्याने घेताना मालकाला एमआयडीसीची पोटभाड्याची परवानगी दाखवायला लावा आणि विजेचा मंजूर लोड किती ते बिलावर बघा, नाहीतर मशीन येऊन पडतं आणि चालवता येत नाही.

पेमेंट हा इथला खरा त्रास आहे. लहान उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे, त्यात करारात काहीही लिहिलं तरी लहान उत्पादकाला आणि सेवावाल्याला ४५ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. निव्वळ ट्रेडिंगवाल्यांना हे मिळत नाही. त्यासाठी उद्यम पहिल्या बिलाच्या आधीच काढा आणि प्रत्येक डिलिव्हरी चलनावर माल मिळाल्याची सही-शिक्का घ्या, शिक्का नसेल तर तुमच्याकडे पुरावा काय?

शेवटी कर्जाचं. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-सबसिडी योजनेत उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट बसतो, सबसिडी गट आणि शहर-ग्रामीण बघून १५ ते ३५ टक्के, राज्याची तशीच सीएमईजीपी योजना पण आहे. पण हे नवीन धंद्यालाच मिळतं, चालू असलेल्याला नाही, त्यामुळे आधी मशीन आणून मग अर्ज करायला जाऊ नका. सातपूरला उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, मशीनचं कोटेशन आणि प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन स्वतः जा, एजंट पाठवू नका, कारण पुढे बँकेत त्या रिपोर्टमधल्या एकेका आकड्यावर प्रश्न तुम्हालाच विचारणार आहेत.